पत्रक आलं, दाव्यांचं काय?

या महिन्याचं आमदार साहेबांचं पत्रक गावोगाव पोचलं. आम्ही ते ओळ न ओळ वाचलं. कुठे सभामंडप, कुठे सिमेंट रस्ता, कुठे हायमास्ट. दिवे लागले, बरंच झालं. राती डुकरं हाकायला जाताना उजेड कामी येते. पण जबरानजोतीच्या दाव्यांबद्दल त्यात एक अक्षर नाही.

यात आपलीही चूक आहे. आपण आमदाराले मागतो काय, तर पट्टा. तो देणं त्याच्या हातात नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात दावा ग्रामसभेपासून सुरू होतो, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. आमदाराच्या हातात आहे ते विचारणं. हिवाळी अधिवेशन नागपुरात, आपल्या दाराशी भरते. तारांकित प्रश्न स्वीकारला गेला की मंत्र्याले उत्तर द्यावं लागते, अन् ते छापलं जाते. किती दावे नामंजूर केले? कारण लेखी कळवलं का? म्हाताऱ्यांचे जबाब का धरले नाहीत? नियमात तर तो पुरावा आहे. कारणाचा कागदच हाती नसेल तर ६० दिवसांत अपील करायचं कशावर?

म्हणून येत्या ग्रामसभेत अडकलेल्या दाव्यांची यादी मोठ्यानं वाचा, ठराव घ्या, आमदाराले नेऊन द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. पुढच्या पत्रकात हायमास्टच्या खाली या यादीले जागा ठेवा, असंही ठरावातच लिहा.