बी.ए.च्या वर्गात ‘एबीए’

स्वमग्न मुलाच्या आईवडिलांच्या कानावर हल्ली ‘एबीए’ हे नाव लवकरच पडते. एबीए म्हणजे उपयोजित वर्तन विश्लेषण. मानसशास्त्राच्या पदवीला स्किनर असतोच, पण उंदराने कळ दाबली की दाणा, एवढ्यावर पेपर सुटतो! मूल डोके आपटते तेव्हा त्याआधी काय घडले आणि नंतर त्याला काय मिळाले, हे दिवसेंदिवस टिपणे ही या विषयाची खरी तालीम. ती पदवीलाच मिळायला हवी.

सोबत इतिहासही हवा. लोव्हास यांच्या १९८७ च्या अभ्यासात आठवड्याला ४० तास उपचार घेतलेल्या १९ पैकी ९ मुलांचा बुद्ध्यांक सर्वसामान्य पातळीवर आला, हे अभिमानाने सांगतात. मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि उपचारात मांडीवर चापटीही होत्या, हे सांगायचे राहून जाते.

अमेरिकेतही याच विषयात प्रमाणपत्र घेतलेल्या पदवीधराला वरिष्ठ विश्लेषकाच्या देखरेखीखालीच काम करावे लागते. आपल्याकडे एखादे केंद्र नुकत्याच बी.ए. झालेल्याकडे मूल एकट्याने सोपवत असेल, तर देखरेख कोणाची, हे पालकांनी फी भरण्याआधीच विचारावे.