भ्रूणाची प्रत आणि आपला शब्द

भोरच्या वेळवंड खोऱ्यातून, हिरडस मावळातून अथवा वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातून संततीसाठी पुण्यास जाणारे जोडपे परतताना बहुधा आपल्याच दवाखान्याची पायरी चढते. हातात वंध्यत्व-केंद्राची फाइल असते. तीत टेस्ट ट्यूब उपचारात तयार झालेल्या भ्रूणांचा इंग्रजी अहवाल असतो आणि त्यावर ‘४ ए बी’, ‘३ बी सी’ अशा खुणा असतात. खर्चापायी प्रसंगी दागिने मोडलेले असतात. जोडपे विचारते, “डॉक्टर, आपल्या औषधाने हा ग्रेड वाढेल का?” या प्रश्नाला ‘वाढेल’ असे उत्तर देणे सोपे आहे. आमच्या मते ते चुकीचे आहे, आणि आपण का नाही म्हणावयाचे हे प्रत्येक वैद्याने नीट समजून घेतले पाहिजे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचाराने हर्षा हिचा जन्म झाला, तेव्हापासून हे शास्त्र महाराष्ट्रास परिचित आहे. भ्रूणास धक्का न लावता त्याची प्रत ठरविण्याची मूळ रीत म्हणजे सूक्ष्मदर्शकातून केलेले निरीक्षण. पाचव्या दिवसाच्या भ्रूणाच्या अहवालातील आकडा तो किती फुलला आहे हे सांगतो. पहिले अक्षर ज्या पेशींपासून पुढे बाळ घडते त्यांचे, तर दुसरे ज्यांपासून वार तयार होते त्यांचे. याचा उपयोग एवढाच, की अनेक भ्रूणांपैकी प्रथम कोणता गर्भाशयात सोडावा हे ठरावे. ‘ए’ प्रतीचा भ्रूण रुजत नाही आणि ‘सी’ प्रतीच्या भ्रूणातून निरोगी बालक जन्मते, असेही घडते. तेव्हा ग्रेड हा अंदाज आहे. तो निकाल नव्हे.

अलीकडे याच निरीक्षणास यंत्रांची जोड मिळाली आहे. टाइम-लॅप्स पद्धतीत भ्रूण बाहेर न काढता त्याची सतत छायाचित्रे घेतली जातात. ब्रिटन व हाँगकाँग येथील १५७५ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. तिन्ही गटांत जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण ३३ ते ३७ टक्क्यांच्या दरम्यानच राहिले. यंत्राचा वेगळा लाभ दिसला नाही. त्याच वर्षी १०६६ रुग्णांवरील दुसऱ्या चाचणीत संगणकाने निवडलेल्या भ्रूणांतून गर्भधारणा ४६.५ टक्के, तर तज्ज्ञांनी डोळ्यांनी निवडलेल्यांतून ४८.२ टक्के झाली. भ्रूण ज्या द्रवात वाढतो त्यात उतरलेला डीएनए तपासण्याची तिसरी पद्धत आहे. तीत पेशी काढाव्या लागत नाहीत, परंतु मातेच्या पेशींचा डीएनए मिसळून निष्कर्ष चुकू शकतो. म्हणून ती अद्याप नित्याच्या वापराची मानली जात नाही. अशा जादा तपासण्यांसाठी कोणी वेगळे पैसे मागितल्यास ‘याने मूल होण्याची शक्यता वाढते काय?’ हे विचारण्यास आपण रुग्णास सांगावे.

आपल्याकडचा शेतकरी भाताचे बियाणे मिठाच्या पाण्यात टाकतो. पोचट दाणा तरंगतो, भरीव तळाशी बसतो. मिठाचे पाणी दाणा भरीव करीत नाही. भरीव कोणता एवढेच दाखविते. भ्रूणाच्या सर्व परीक्षा या जातीच्या आहेत. सुश्रुतांनी गर्भधारणेस ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चारही घटकांची आवश्यकता सांगितली आहे. बीजाचा संयोग होऊन भ्रूण प्रयोगशाळेत वाढू लागला, की स्त्रीला दिलेल्या कोणत्याही काढ्याने वा घृताने त्याची प्रत बदलत नाही. तो तिच्या शरीरातच नसतो.

मग वैद्याचे काम संपले काय? मुळीच नाही, ते पेरणीआधीचे आहे. पुरुषबीज तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून उपचारापूर्वीचे तीन महिने आपले आहेत. पतीची तंबाखू आणि पत्नीची मिश्री सुटणे, रक्तक्षय भरून येणे, वजन, झोप, आहार, पाळीचा इतिहास, या सर्वांकडे रुग्णाजवळ राहणारा वैद्यच लक्ष देऊ शकतो. मात्र उपचारचक्र सुरू होताच आपण दिलेल्या प्रत्येक औषधाची, विशेषतः रसौषधींची, लेखी यादी तेथील डॉक्टरांकडे गेली पाहिजे. औषध लपवून घेण्याचा सल्ला देणे रुग्णास घातक आहे.

औषधालयचालकांनाही दोन शब्द. स्त्रियांचे वंध्यत्व हा विकार १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याच्या अनुसूचीत आहे. तो बरा करण्याची जाहिरात करता येत नाही. ‘ग्रेड वाढविणारा कल्प’ अशी पाटी उद्या कोणी लावली, तर ती दुकानात येऊ देऊ नये. आणखी गंभीर बाब लिंगाची. द्रवातील डीएनएवरून भ्रूणाचे लिंगही कळू शकते, तेही त्यास स्पर्श न करता. तपासणी जितकी सोपी, तितका मोह मोठा. गर्भधारणेपूर्वी वा नंतर लिंगनिवड करणे हा गुन्हा आहे. २०२१ च्या कायद्याने भ्रूणाच्या जनुकीय तपासणीस केवळ ज्ञात आनुवंशिक रोगांसाठीच मुभा दिली आहे. पुंसवनाचे नाव सांगून मुलग्याची हमी देणारी पुडी विकणारा आपल्यापैकी कोणी असेल, तर यंत्रांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

त्या जोडप्यास आपण सांगावे, “हा ग्रेड औषधाने बदलणार नाही. कमी ग्रेडनेही आशा संपत नाही. पुढचे चक्र करावयाचे असल्यास तीन महिने आधी या. तोवर शरीराची तयारी आपण मिळून करू.” यात औषधाची विक्री कदाचित कमी होईल, पण दूरच्या वाडीवरून विश्वासाने आलेल्या माणसास खरे काय ते कळेल. वैद्याने याहून वेगळे काही द्यावे, असे आम्हांस वाटत नाही.