राहून गेलेले बोलपट

कांहीं बोलपट असे असतात कीं, ते आपण पाहिलेले आहेत अशी आपली उगीचच समजूत असते. नांव ठाऊक, नटनटी ठाऊक, कथा लहानपणीं कोणी तरी सांगितलेली. एवढ्या भांडवलावर चार माणसांत त्यांविषयीं अधिकारवाणीनें बोलतांही येतें. 'प्रभात'च्या बोलपटांविषयीं आमची अवस्था नेमकी अशी होती. गेल्या महिन्यांत धाकट्या सूनबाईनें जेवतांना सरळच विचारलें, "बाबा, ह्यांतले आपण प्रत्यक्ष पाहिले किती?" मोजूं गेलों तों 'संत तुकारामा'खेरीज एकही निघेना. तेव्हां येत्या शनिवारीं-रविवारीं कोठेंही न जातां 'शेजारी', 'कुंकू' आणि 'माणूस' हे तीन घरींच बसून पाहावयाचे असें ठरलें. तिन्ही व्ही. शांताराम यांचे. हल्लीं ही सोय झाली आहे खरी. मात्र कोठें पडद्यावर रेघांचा पाऊस पडतो, कोठें संवादांतले शब्द गळतात, आणि दर दहा मिनिटांनीं कोणाला तरी चहा हवा असतो.

शनिवारीं रात्रीं 'शेजारी' झाला. हा १९४१ सालचा. शांतारामबापूंनीं 'प्रभात'साठीं दिग्दर्शिलेला शेवटचा. जिवबा पाटील आणि त्याचा शेजारी मिर्झा यांची जन्माची मैत्री, धरण बांधूं पाहणाऱ्यांच्या कारवायांनीं पडलेली फूट, आणि शेवटीं त्याच फुटत्या धरणावर दोघांची गांठ, एवढीच कथा. पाटील केशवराव दात्यांचा, मिर्झा गजानन जागीरदारांचा. लाहोरच्या १९४० च्या ठरावाच्या पाठोपाठ हा बोलपट निघाला हें मनांत ठेवून पाहिलें म्हणजे त्यांतील कित्येक साधे प्रसंग जड वाटूं लागतात. नातवंडांस शेवटचा जलप्रलय आवडला. आम्हांस दोघां म्हाताऱ्यांचा अबोला.

रविवारीं दुपारीं 'कुंकू' लावला, आणि पहिला धक्का बसला तो दात्यांचाच. आदल्या रात्रीं ज्यांच्यासाठीं डोळे ओले झाले, तेच केशवराव येथें काकासाहेब वकील होऊन, प्रौढ मुलाबाळांचे बाप असतांना कोवळ्या मुलीशीं बोहल्यावर उभे! १९३७ सालचा हा बोलपट ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरून घेतलेला आहे. पाळणाऱ्या नातलगांनीं फसवून दिलेली नीरा लग्न लागल्यावरही पत्नी व्हावयास साफ नकार देते. शांता आपट्यांची ही नीरा आसवें गाळीत नाहीं. सावत्र मुलगा अंगचटीस येतो तेव्हां त्याला ती चांगलाच चोप देते. पार्श्वसंगीत मुळींच नाहीं. भिंतीवरचें घड्याळ, रस्त्यावरचे आवाज, घरांतली भांडीं, एवढ्यांवरच काम भागविलें आहे. त्यामुळें घरांतली शांतता अंगावर येते. काकासाहेबांच्या शिकलेल्या मुलीचें काम शकुंतलाबाई परांजप्यांनीं केलें आहे. रँग्लर परांजप्यांची ही कन्या स्वतः केंब्रिजला शिकलेली. बापाला चार खडे बोल सुनावतांना तिला फारसा अभिनय करावा लागला असेल असें वाटत नाहीं.

शेवट मात्र आम्हांस पटला नाहीं. काकासाहेब उपरति होऊन नीरेस मुक्त करतात, पण त्यासाठीं ते स्वतःचा जीव देतात. सूनबाईचें म्हणणें, "ती उठून गेली कां नाहीं?" आमच्या वकील बंधूंनीं सांगितलें कीं, आमच्यासारख्या घरांतील स्त्रीस त्या वेळीं मुंबई इलाख्यांत घटस्फोटाची वाटच नव्हती, प्रांताचा कायदा झाला १९४७ सालीं, हिंदु विवाह कायदा १९५५ सालीं. तेव्हां कथाकारास नवऱ्याला मारण्यावांचून गत्यंतर नव्हतें. सूनबाई म्हणाली, "म्हणजे सुटली तीही त्याच्याच मर्जीनें." ह्यावर बंधु निरुत्तर झाले, हें आम्हीं वीस वर्षांत प्रथमच पाहिलें.

इतका वेळ आत्याबाई कांहीं बोलल्या नव्हत्या. त्यांस शहाऐंशीवें वर्ष चालू आहे. त्या म्हणाल्या, "आमच्या आजीनें हा पाहिला होता. अर्धाच."

आत्याबाईंची आजी म्हणजे आमची पणजी. पणजोबांच्या खुर्चीमागें उभी असलेली तिची तसबीर माजघरांत आहे. करड्या नजरेची, सोंवळ्याओंवळ्यांत कडक, एवढीच तिची आम्हांस ओळख. ती तेराव्या वर्षीं पंचेचाळिशीच्या बिजवरास, खरें म्हणजे तिजवरास, दिली गेली. बोलपट आला तेव्हां पणजोबांस जाऊन आठ वर्षें झालीं होतीं. आत्याबाईंची आई तेव्हां नवी सून. तिनें हट्टानें सासूला नेलें. लग्नाचा देखावा संपतांच पणजी उठली आणि खेळ सुटेपर्यंत बाहेर बांकावर बसून राहिली. घरीं येऊन सुनेला एवढेंच म्हणाली, "तुझा शेवटपर्यंत पाहून झाला ना?"

आम्हीं कुलवृत्तांत काढला. पणजोबांचे तीन विवाह क्रमवार नोंदलेले आहेत. पहिल्या दोघींचीं माहेरचीं नांवें व आडनांवें आहेत. तिसरीचें सासरचें नांव तेवढें आहे, पुढें रेघ. आत्याबाईंस माहेरचें गांव आठवलें, आडनांवही आठवलें. मुलपणींचें नांव कांहीं केल्या आठवेना. त्यांनीं डोळे मिटून बराच वेळ प्रयत्न केला. मग कोकणांतल्या एका चुलतभावाला फोन लावावयास सांगितलें. त्याला ठाऊक नव्हतें, पण त्याच्या बहिणीला असेल असें तो म्हणाला. बहीण पनवेलला लेकीकडे गेलेली. तिचा क्रमांक मिळेपर्यंत दिवेलागण झाली.

'माणूस' रात्रीं नऊला लावावयाचा होता. तो राहिलाच.