समोरचा, मागचा आणि झाडावरचा प्रेक्षक

जादू शिकायची म्हटलं की हल्ली पहिला गुरू मोबाइल. पडद्यावर एक तरुण टेबलामागे बसतो, काळं कापड पसरतो, नाणं या हातातून त्या हातात नेतो आणि ते नाहीसं होतं. आपण तीच युक्ती आरशासमोर घोटतो, आरसा फसतो, आपण खूश. मग एखाद्या रविवारी मोहाडीकडच्या गावात, सोयऱ्यांच्या अंगणात ती करून दाखवायला जावं. समोर सातआठ माणसं, उजवीकडे बाजेवर म्हातारेबुवा, पाठीमागे ओट्यावर बायका आणि पोट्टे तर बोरीच्या झाडावर. नाणं नाहीसं होतं न होतं तोच वरून आवाज, "त्याच हातात हाये जी, मले दिसते!"

चूक शिकणाऱ्याची नसते. कॅमेऱ्याला एकच डोळा, आणि तोही जादूगार सांगेल तिथे उभा. त्या डोळ्यासाठी बसवलेली युक्ती अंगणात टिकत नाही. आमच्याकडचा प्रेक्षक चारही बाजूंनी बसतो, बोलतो, उठून जवळ येतो आणि हात धरून "दाखव" म्हणतो. म्हणून भंडारा जिल्ह्यात कुणी हौसेनं जादू शिकायला निघालं, तर मी त्याला मोबाइल बाजूला ठेवून दोन गुरू धरायला सांगतो. एक मदारी, दुसरा अंधश्रद्धा निर्मूलनाचा कार्यकर्ता. दोघांचं आपसात जमणार नाही, ते वेगळं.

मदाऱ्याच्या खेळाकडे आपण करमणूक म्हणून पाहिलं, रचना म्हणून पाहिलं नाही. तो जमिनीवर बसतो. भोवती रिंगण. मांडीशी झोळी, समोर जमुरा, आणि तीन उथळ वाट्या. या वाट्यांना बुडाला वरच्या बाजूनं एक बोंड असतं. ते दोन बोटांत धरून वाटी उचलायची. परदेशी जादूगारांचे पेले उंच असतात, टेबलावर उभे राहतात, खेळ उभ्यानं होतो. आपल्याकडची वाटी बसून खेळण्यासाठी आणि चहूकडून पाहणाऱ्यांसाठी घडलेली आहे. मदाऱ्याचं अखंड बोलणं, जमुऱ्याला दटावणं, डमरू वाजवणं, हे सगळं लोकांची नजर कुठे असावी आणि कधी असावी हे ठरवण्यासाठी. रिंगणात उभं राहून ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या तावून सुलाखून निघाली आहे. आणि या माणसाला कायद्यानं काय दिलं? १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, खेळ करून पैसे मागणाराही भिकारीच. रस्त्यावरून मदारी दिसेनासा झाला, त्याला हेही एक कारण आहे असं मला वाटतं.

बोंडाच्या वाट्या भंडाऱ्यात कुठे मिळायच्या? पण पितळेचं गाव आहे, भांडी तर मिळतात. एका दुकानात बसून मी लहान फुलपात्रांचा ढीग काढायला लावला. एकात एक बसायला हवीत, पण गच्च अडकायला नकोत. पालथी घातल्यावर बुडावर चिंधीचा गोळा ठेवला तर तो घरंगळायला नको, म्हणजे बूड जरा आत दबलेलं हवं. मी प्रत्येक फुलपात्र पालथं घालून बोटानं दाबून पाहत होतो. दुकानदारानं बराच वेळ सहन केलं, मग विचारलं, "पाणी प्याले नेता का जी, उलटे ठेवाले?" उलटे ठेवायला, म्हटलं. त्यांनी खालच्या फळीवरून जुनी जाड घडणीची तीन काढून दिली. तीच कामाची निघाली.

पितळेनं एक गोष्ट लगेच शिकवली. सुरुवातीला मी लाकडी मणी वापरत होतो. मणी आत पडला की फुलपात्र असं टणकन वाजायचं की, आंधळ्यालाही कळावं. मदारी चिंधीचाच गोळा का वापरतो, हे तेव्हा उमगलं. चिंधी वाजत नाही, घरंगळत नाही आणि बोटांत दाबली की अंग चोरून बसते. जुन्या सुती लुगड्याची चिंधी उत्तम, नायलॉन निसटतं.

वाट्यांच्या खेळाचं मर्म मी इथे सांगणार नाही, त्याचं कारण पुढे येईलच. सराव कसा करायचा ते सांगायला हरकत नाही. हातात वस्तू लपवणं सोपं असतं, लपवलेला हात रिकाम्यासारखा दिसणं अवघड. नवशिक्याचा अंगठा ताठ होतो, कोपर अंगाला चिकटतं आणि तो स्वतःच त्या हाताकडे चोरून बघतो. लोक हात बघत नाहीत, तुमचे डोळे बघतात. म्हणून नाणं बोटांच्या मुळाशी धरावं आणि तसंच भाजी आणायला जावं. पिशवी धरावी, कडी काढावी, कुणाला रामराम करावा. नाणं हातात आहे हे तुम्हीच विसरलात की समजा जमू लागलं. त्याआधी पोरांसमोर जाऊ नये.

पत्त्यांचं म्हणाल तर एकवीस पत्त्यांचा खेळ घराघरांत कुणाला ना कुणाला येतो. तीन ढीग, तीनदा वाटप, निवडलेला ढीग दर वेळी मध्ये, आणि पत्ता अकरावा. सत्तावीस पत्ते घेतले तर तो बरोब्बर मधोमध, चौदावा. तीनाचा घन सत्तावीस, इतकं साधं गणित. गणिताच्या मास्तरांना फार आवडतो. मला विचाराल तर कंटाळवाणा. तिसऱ्या वाटपाला माणसं शेंगदाणे शोधायला लागतात.

मोठ्या रंगमंचाचं आकर्षण सगळ्यांनाच असतं. पुण्याच्या रघुवीर भोपळे यांनी, म्हणजे जादूगार रघुवीर यांनी, मराठी माणसाला ते वेड लावलं. पुढे मुलानं आणि नातवानं ते चालवलं. पी. सी. सरकार यांनी तर ९ एप्रिल १९५६ ला बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात एका मुलीला करवतीनं कापलं. ती उठायच्या आत निवेदकानं कार्यक्रम आटोपला आणि मुलगी मेली असं समजून लोकांनी फोनवर फोन केले. थोर प्रकार, पण त्याला पडदा, दिवे, मदतनीस आणि समोरून बघणारा कॅमेरा लागतो. लाखनीच्या अंगणात त्याचा उपयोग शून्य.

आता दुसरा गुरू. श्याम मानव यांनी १९८२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. नागपूर आमच्यापासून साठेक किलोमीटर, त्यामुळे चमत्कारांची प्रात्यक्षिकं विदर्भातल्या शाळाशाळांत झाली. नारळावर पाणी शिंपडलं की पेट घेतो, कारण शेंडीत सोडियमचा तुकडा दडवलेला असतो. लिंबू कापलं की रक्त निघतं, कारण सुरीवर जास्वंदीच्या फुलाचा रस वाळवलेला असतो आणि लिंबाच्या आंबटपणानं तो लाल होतो. जिभेवर कापूर जळतो. आमच्याकडच्या कित्येक पोरांनी आयुष्यात पाहिलेली पहिली जादू हीच. सोडियम आणि आगीच्या वाटेला मात्र नवशिक्यानं अजिबात जाऊ नये. जास्वंदीवर हौस भागवावी.

इथे दोन गुरूंची गाठ पडते. मदारी मेला तरी युक्ती सांगत नाही; कार्यकर्ता प्रयोग संपला की सगळं उलगडून दाखवतो. हौशी माणसानं कुणाचं ऐकायचं?

एका गावात वाट्यांचा खेळ आवरत असताना एक बाई जवळ आल्या. "भाऊ, दोन दिवस झाले, बकरी नाही घरी आली. कोणत्या बाजूले गेली, तेवढं सांगा ना." थट्टा नव्हती. सुरुवातीलाच मी सगळ्यांना सांगितलं होतं की ही निव्वळ हातचलाखी आहे, मला मंत्रबिंत्र येत नाही. तरी त्या आल्या. तेव्हा कळलं, एकदा सांगून भागत नाही. आधी सांगायचं, मध्ये सांगायचं, शेवटी पुन्हा सांगायचं. बकरीसाठी मी तीन पोरं पाठवली, त्यातले दोघे झाडावरचे.

करणी आणि जादूटोण्याच्या संशयावरून माणसं मारली गेली आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. चमत्काराचा दावा करून पैसे कमावणं, लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे. जादूच्या युक्त्या उलगडणारं इंग्रजीतलं पहिलं महत्त्वाचं पुस्तक रेजिनाल्ड स्कॉटनं १५८४ मध्ये लिहिलं, तेही चेटकीण ठरवून बायकांचा छळ चालला होता म्हणून. म्हणजे युक्ती फोडण्याची परंपराही चांगली जुनी आहे.

मी माझ्यापुरता निकाल असा लावलाय. ज्या युक्तीच्या जोरावर कुणी बुवा पैसे उकळतो, ती चौकात उभं राहून फोडावी. ज्या युक्तीनं फक्त हसू येतं, ती मरेस्तोवर झाकून ठेवावी. म्हणून वर जास्वंदीचं सांगितलं आणि वाट्यांचं नाही.

तीन युक्त्या पुरेत: एक नाण्याची, एक दोरीची, एक वाट्यांची. एकाच ठिकाणी तीच युक्ती दुसऱ्यांदा करू नये, कितीही आग्रह झाला तरी. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरेल, रात्री नाटकं होतील. झाडीपट्टीत नाटकाचा पडदा वेळेवर उघडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. तेवढ्या वेळात दहा मिनिटं मागून घ्या. स्टेजवर चढू नका, खाली बसलेल्या माणसांत जाऊन बसा. मंडळवाले नाही म्हणत नाहीत, त्यांनाही तेवढाच वेळ हवा असतो.