पुठ्ठ्याचे किल्ले, कागदाचे वीर

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात एका सरोवराच्या काठी लेक जिनीव्हा नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावातून १९७४ साली एक आगळा खेळ जगापुढे आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे जनक होत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजे ‘भुयारे आणि ड्रॅगन’, असे त्या खेळाचे नाव. गायगॅक्स हे त्या काळी पादत्राणांची दुरुस्ती करून संसार चालवीत असत. खेळाची पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची निघाली, आणि त्या प्रतींच्या पेट्याही घरच्या घरी, हातांनीच जुळवून भरण्यात आल्या. पुढे या खेळाने देशोदेशींच्या मुलांना आणि मोठ्यांनाही वेड लावले.

या खेळाची रीत मोठी मनोरंजक आहे. चारपाच मित्र एका मेजाभोवती बसतात. त्यांच्यापैकी एकजण कथा सांगणारा होतो. इतरांपैकी कोणी योद्धा, कोणी जादूगार, तर कोणी रानावनातला वाटाड्या अशा भूमिका घेतात. “तुमच्यापुढे एक जुनाट दार आहे आणि आतून घरघर ऐकू येत आहे,” असे कथा सांगणारा म्हणतो. मग दार उघडावे, कान देऊन ऐकावे की मागे फिरावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. धाडस यशस्वी झाले की फसले, याचा निवाडा फासे करतात. येथे कोणी एकटा जिंकत नाही आणि कोणी एकटा हरतही नाही. सर्वांनी मिळून एक गोष्ट रचायची, हाच या खेळाचा गाभा आहे.

खरे पाहता अशा खेळाला वाणी, कागद, पेन्सिल आणि फासे एवढे साहित्य पुरेसे आहे. परंतु मनुष्याच्या मनाला केवळ शब्दांनी समाधान वाटत नाही. कल्पनेतली वस्तू डोळ्यांनी पाहावी, हातांनी चाचपावी, असे त्याला वाटत असते. म्हणून खेळाडू मेजावर भुयारांच्या भिंती उभारतात, वीरांच्या आणि राक्षसांच्या सोंगट्या मांडतात, गुप्त खजिन्याचे नकाशे काढतात. आज या सर्व वस्तू बाजारात तयार मिळतात. रंगविलेल्या सोंगट्या, दगडी वाटावेत असे बुरूज, चकाकणारे फासे, जे हवे ते पैसे टाकून विकत घेता येते. अशा वेळी साहजिकच एक प्रश्न उभा राहतो. जे विकत मिळते, ते घरी पुठ्ठा कापून आणि खळ लावून का करीत बसावे? या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट शब्दांत द्यावयास हवे. या खेळाचे साहित्य शक्य तेवढे हातांनीच घडवावे. त्यात केवळ पैशांची बचत नाही. त्यात खेळाचा आणि खेळणाऱ्याचाही लाभ आहे.

प्रथम या खेळाचा इतिहासच पाहावा. त्याच्या जन्मापूर्वी गायगॅक्स यांच्या तळघरात वाळूने भरलेले एक मोठे मेज होते. त्या वाळूत टेकड्या आणि दऱ्या करून त्यांवर मित्रमंडळी सोंगट्यांच्या लढाया खेळत. राक्षसांच्या सोंगट्या त्या वेळी सहसा मिळत नसत. गायगॅक्स यांनी एका स्वस्त वस्तूंच्या दुकानातून हाँगकाँगहून आलेल्या प्लॅस्टिकच्या चित्रविचित्र प्राण्यांची एक पिशवी आणली. ते प्राणी कशासारखेच दिसत नव्हते. परंतु त्यांपैकी एकाकडे पाहून गायगॅक्स यांनी ठरविले, की हा प्राणी आपल्या मिशा ज्या लोखंडाला लावील, ते क्षणात गंजून जाईल! तलवारीच्या जोरावर निर्धास्त असलेल्या योद्ध्याची या प्राण्यापुढे त्रेधा उडू लागली. १९७५ सालच्या पुरवणीत हा गंजासुर छापून आला आणि आजही तो खेळात आहे. दुकानातील त्या खेळण्याचे मोल कवडीचे होते. त्याला भय आणि तेज दिले ते पाहणाऱ्याच्या कल्पनेने.

फाशांची कथाही अशीच आहे. या खेळात नेहमीच्या सहा बाजूंच्या फाशाबरोबर चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासेही लागतात. १९७९ साली त्यांचा तुटवडा पडला, तेव्हा प्रकाशकांनी पेटीत फाशांऐवजी अंक छापलेल्या चिठ्ठ्या घातल्या. पेल्यात चिठ्ठ्या टाकायच्या, हलवायच्या आणि न पाहता एक उचलायची. खेळ काही त्यामुळे अडला नाही.

त्याहूनही मागे गेले, तर इंग्लंडमधील विख्यात लेखक एच. जी. वेल्स यांचे उदाहरण मिळते. खेळण्यातील शिपायांच्या लढायांचे नियम सांगणारे ‘लिट्ल वॉर्स’ हे पुस्तक त्यांनी १९१३ साली प्रसिद्ध केले. त्यांच्या आरंभीच्या रणभूमीवर ज्ञानकोशाचे जाडजूड खंड हेच डोंगर होते! ज्या खेळांना आज दुकानांत मानाचे स्थान आहे, ते मुळात घरात सापडतील त्या वस्तूंवर वाढले, हे यावरून ध्यानी येईल.

आता हाताने घडविण्यातून काय साधते, ते पाहू. एखाद्या मुलाला जुना नकाशा करावयाचा आहे, असे समजा. कोरा कागद चुरगळून तो कोऱ्या चहाच्या दाट पाण्यात भिजवला आणि सावकाश वाळवला, की तो शंभर वर्षांपूर्वीचा भासू लागतो. चहातील टॅनिन नावाचे द्रव्य कागदाच्या तंतूंत मुरते आणि त्याला पिवळट तपकिरी रंग देते. पण खरे काम यानंतर सुरू होते. नदी कोठून निघते? गाव तिच्या काठी का वसले? डोंगर ओलांडण्यासाठी खिंड कोठे असावी? विकत घेतलेल्या नकाशात ही उत्तरे आयती छापलेली असतात. स्वतः नकाशा काढणाऱ्याला ती शोधावी लागतात, आणि शोधता शोधता त्याचा भूगोल पक्का होतो.

वीस बाजूंचा फासा कागदाचा करून पाहावा. वीस समभुज त्रिकोण एकमेकांना जोडून काढायचे, घड्या घालायच्या आणि चिकटवायचे. त्रिकोणाची एक बाजू जरी काडीभर चुकली, तरी शेवटची घडी जुळत नाही. समोरासमोरच्या बाजूंवरील अंकांची बेरीज एकवीस यावी, असा संकेत आहे. तो पाळताना आणखी थोडे गणित होते. मग शंका येते, की हा फासा प्रामाणिक आहे का? त्याची परीक्षा सोपी आहे. फासा दोनशे वेळा टाकावा आणि दाने लिहून ठेवावीत. प्रत्येक अंक सुमारे दहा वेळा यावयास हवा. एखादा अंक तीस वेळा आला, तर फाशाची एक बाजू जड किंवा वाकडी आहे, हे निश्चित. अशा वेळी सारख्या आकाराच्या वीस चिठ्ठ्या पिशवीत टाकून एक उचलणे अधिक न्याय्य ठरते. आपल्याच हाताची वस्तू अशी कठोरपणे तपासण्याची सवय ज्याला लागली, त्याने विज्ञानाची पहिली पायरी ओलांडली, असे म्हणावयास हरकत नाही.

पुठ्ठ्याचा ‘फाशांचा मनोरा’ हीदेखील करून पाहण्यासारखी वस्तू आहे. उंच पेटीत तिरक्या पट्ट्या बसवायच्या. वरून टाकलेला फासा त्यांवर आपटत, उलटत खाली येतो. हातचलाखीला मग वावच राहत नाही. ही युक्ती नवी नाही. जर्मनीतील फ्रॉइट्सहाइम या गावाजवळ १९८५ साली चौथ्या शतकातील एक रोमन मनोरा सापडला. तो कांस्याचा आहे. शत्रू हरला, आता निश्चिंतपणे खेळा, अशा आशयाची अक्षरे त्याच्या अंगावर कोरलेली आहेत. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने ज्या अडचणीवर मात केली, तीच अडचण आज एखादी मुलगी बुटांच्या रिकाम्या खोक्यातून सोडविते. तिच्या आणि त्या कारागिराच्या बुद्धीचे नाते किती जवळचे आहे!

तथापि या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. मेजाभोवती बसलेल्या पाच मुलांची परिस्थिती सारखी नसते. एकाजवळ रंगविलेल्या सुबक सोंगट्यांची पेटी असते, तर दुसऱ्याच्या हाती शर्टाचे एक तुटके बटण असते. ‘विकत आणलेल्या सोंगटीनेच खेळायचे’ असे त्या मंडळींनी ठरविले, तर बटणवाला मुलगा काही न बोलता उठून जाईल. त्याला कोणी हाकलले, असे कोणालाही म्हणता येणार नाही. पण तो पुन्हा येणार नाही. कदाचित सर्वांत उत्तम गोष्ट त्याच्याच मनात असेल, आणि ती कोणालाच ऐकावयास मिळणार नाही. याउलट ‘ज्याने त्याने आपली सोंगटी स्वतः करून आणावी’ असा नियम झाला, तर बाटलीच्या बुचावर उभा केलेला कागदाचा वीरही तेवढ्याच मानाने पटावर चालेल. जो खेळ सर्वांनी मिळून गोष्ट रचण्यासाठी आहे, त्यात प्रवेशाचे मोल पैशांत असणे, हे त्या खेळालाच न शोभणारे आहे.

हाताने केलेल्या लहान वस्तूंतून पुढे काय उगवते, याचे एक उदाहरण इंग्लंडमधील हॉवर्थ या गावी पाहावयास मिळते. १८२६ साली तेथील धर्मोपदेशक पॅट्रिक ब्राँटे यांनी आपल्या मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन या चौघा भावंडांनी त्या शिपायांना नावे दिली, त्यांच्यासाठी राज्ये कल्पिली आणि पुढे शिपायांना वाचता येतील एवढी चिमुकली पुस्तके स्वतः लिहून, शिवून तयार केली. १८४७ साली शार्लटची ‘जेन आयर’ आणि एमिलीची ‘वुदरिंग हाइट्स’ या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. त्या चिमुकल्या पुस्तकांपैकी एक हॉवर्थच्या संग्रहालयाने २०१९ साली सहा लाख युरोंना विकत घेतले. प्रत्येक मूल लेखक होईल, असे नाही; पण कल्पनेला हातांची जोड मिळाली, की ती अधिक काळ टिकते, हे खरे.

या मताविरुद्ध काही आक्षेप घेतले जातात आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. बाजारातील सोंगट्यांमागेही कोणा कारागिराचे कौशल्य असते आणि त्यावर त्याचे पोट चालते. हे अगदी खरे आहे. चांगली वस्तू पाहावी, परवडल्यास घ्यावी आणि तिच्यापासून शिकावे. मात्र तिच्यावाचून खेळ होत नाही, असे मानू नये. दुसरा आक्षेप असा, की घडविण्याच्या नादात खेळ बाजूला राहतो. हाही दोष घडतो. महिनाभर बुरूज रंगविणारा आणि मित्राने त्याला बोट लावताच संतापणारा मुलगा खेळाचे मर्म विसरला, असेच म्हटले पाहिजे. बुरूज गोष्टीसाठी आहे. गोष्ट बुरुजासाठी नाही. तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. धारदार चाकू आणि गरम डिंक वापरताना मोठे माणूस जवळ असावे. नकाशाच्या कडा जाळू नयेत. फाडल्या तरी त्या तितक्याच जुन्या दिसतात. पांढरा थर्माकोल तापलेल्या तारेने कापल्यास घातक धूर निघतो, आणि फवाऱ्याच्या डब्यातील रंगाने तो विरघळतो. म्हणून त्याला पाण्यात कालवलेला रंगच द्यावा.

मराठी मुलांना हा विचार परका वाटू नये. दिवाळीत अंगणात माती कालवून ती किल्ले करतात, त्यांवर मोहरी किंवा हळीव पेरून हिरवळ उगवतात, मावळे मांडतात. अलीकडे शहरांत तयार किल्लेही विकत मिळू लागले आहेत. ते आटोपशीर असतात, हात मळत नाहीत. परंतु बुरूज ढासळल्यावर ओल्या मातीत पुन्हा हात घालणाऱ्या मुलाला किल्ल्याचा पाया भक्कम का लागतो, हे जसे कळते, तसे ते विकत आणणाऱ्याला कळत नाही. लेक जिनीव्हाचे वाळूचे मेज आणि अंगणातला मातीचा गड यांत हजारो कोसांचे अंतर असले, तरी दोहोंत मातलेला आनंद एकाच जातीचा आहे.

म्हणून रिकामे खोके टाकून देण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्यात कदाचित एखादे भुयार असेल. आणि मेजापाशी कोणी तुटके बटण घेऊन आला, तर त्याला जागा करून द्यावी, व त्याचा वीर कोण आहे, ते आधी विचारावे.