गायरान कुणी उजाड केले?

जंगल तोडले, कुरण नांगरले, माळावर प्लॉट पाडले की पर्यावरण बिघडते, हे आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. त्यावर वाद नाही. वाद आहे तो पुढच्या दोन प्रश्नांवर. जमीन उजाड केली कुणी? आणि त्याचा दंड वसूल केला जातो कुणाकडून? पहिल्या प्रश्नाचे उत्तर टाळून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दलित वस्तीच्या दारावर नोटीस म्हणून चिकटविले जाते, म्हणून हा लेखनप्रपंच.

जगाचा हिशेब आधी पाहू. माणसाच्या उद्योगामुळे हवेत जो कार्बन वायू जातो, त्यातला सुमारे दहावा हिस्सा जंगलतोड आणि जमिनीच्या वापरातल्या बदलाचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२१ मध्ये उपग्रहांच्या पाहणीवरून सांगितले की, जगातल्या जंगलतोडीपैकी जवळपास नव्वद टक्के तोड शेती आणि चराई वाढविण्यासाठी होते. दक्षिण अमेरिकेत ती मुख्यतः गुरांच्या मोठमोठ्या कुरणांसाठी झाली, आग्नेय आशियात पामतेलाच्या मळ्यांसाठी. तिथला आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहिला. जंगल संपले ते बाजार आणि भांडवल तिथे पोचल्यावर.

आता आपल्या मराठवाड्याकडे या. सोलापूर-हैदराबाद महामार्गाने नळदुर्ग मागे टाकले की तुळजापूर तालुक्यातले जळकोट लागते. (लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे जळकोट वेगळे.) हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. राष्ट्रीय वन धोरण म्हणते की, देशाची एक तृतीयांश जमीन वनाखाली हवी. धाराशिव जिल्ह्यात ती एक टक्काही नाही. येडशीच्या रामलिंग घाटातले छोटे अभयारण्य सोडले तर दाट झाडी म्हणावी अशी जागा जिल्ह्यात फारशी नाही. म्हणजे आमच्याकडे तोडायला जंगल उरलेलेच नाही. आमचे जंगल म्हणजे गायरान, गवताचा माळ.

माळ म्हणजे पडीक, हा महसुली दप्तराचा गैरसमज. गवताची मुळे मुरमावरची वीतभर माती धरून ठेवतात, पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरवितात. गवत गेले की पहिल्याच वळवात ती माती ओढ्यात, ओढ्यातून बोरी नदीत आणि तिथून धरणात जाऊन बसते. विहिरीचा पाझर आटतो, धरण गाळाने भरते. मग दुष्काळात पाणी नाही आणि अतिवृष्टीत पाणी थांबत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये याच मराठवाड्यात, याच धाराशिव जिल्ह्यात, पुराने पिकासकट माती वाहून नेली. पाऊस आभाळातून पडतो, पण तो जिरतो की धावतो हे जमीन ठरविते.

हा माळ संपतो तेव्हा पहिला फटका कुणाला बसतो? ज्याच्या सात-बाऱ्यावर वीस एकर आहे, त्याच्या गुरांना कडबा घरचा असतो. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याची शेळी गायरानावर जगते, त्याच्या घरची चूल माळावरच्या काटक्यांवर पेटते. गायरान गेले की शेळी जाते, शेळी गेली की मुकादमाची उचल घ्यावी लागते आणि बाईमाणसांसह बिऱ्हाड ऊसतोडीला निघते. तेव्हा पर्यावरण हा शहरातल्या सुखवस्तूंचा छंद आहे, असे आमच्या कार्यकर्त्यांनी समजू नये. तो भूमिहीनाच्या भाकरीचा प्रश्न आहे.

तरीही गायरानाचा विषय निघाला की बोट भूमिहीनाकडेच दाखविले जाते. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या जनहित याचिकेत गायरानांवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश झाला आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. त्या वेळी सरकारनेच दिलेले आकडे असे होते: राज्यात गायरान सुमारे साडेचार लाख हेक्टर, त्यात अतिक्रमण सुमारे दहा हजार हेक्टर. म्हणजे शंभरात जेमतेम सव्वादोन. आमचा साधा सवाल आहे. उरलेल्या पावणेअठ्ठ्याण्णव टक्के गायरानावर तरी गवत का नाही? तिथे कोणत्या भूमिहीनाने नांगर घातला? तिथला मुरूम कुणाच्या ट्रॅक्टरमधून गेला? आणि थेंबाथेंबाला महाग झालेल्या या जिल्ह्यात वर्षभर रानात उभा राहणारा ऊस कुणाच्या विहिरीवर वाढला? भूमिहीनाने गोटे वेचून, बांध घालून केलेल्या माळाच्या तुकड्यावर ज्वारी, बाजरी, तूर येते, तीही पावसाच्या भरवशावर. पाण्याचा उपसा तो करीत नाही, कारण त्याच्याकडे विहीरच नाही.

या जमिनीचा इतिहासही विसरता येणार नाही. बाबासाहेबांनी १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात, सरकारच्या पडीक जमिनीवर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती बसविण्याची मागणी केली होती. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ चे भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले आणि हजारो बायाबापड्या लेकरांसह तुरुंगात गेल्या. त्या लढ्यांच्या रेट्यानेच पुढे २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय झाला. १४ एप्रिल १९९० पूर्वी मागासवर्गीय भूमिहीनांनी कसायला घेतलेली जमीन नियमित करावी, असे त्यात आहे. ही मेहेरबानी नाही, हा हक्क आहे. तीस वर्षे उलटून गेली तरी असंख्य कुटुंबांचे अर्ज तहसीलच्या कपाटात धूळ खात आहेत. ज्याचा हक्क कागदावर मान्य झाला, त्यालाच अतिक्रमणदार म्हणून नोटीस द्यायची, हा कुठला न्याय?

कायद्याचे एक कलमही कार्यकर्त्यांनी पाठ करावे. २८ जानेवारी २०११ च्या जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे हटविण्यास सांगितले. त्याचाच दाखला देऊन १२ जुलै २०११ चा शासन निर्णय निघाला आणि आज प्रत्येक नोटिशीमागे तोच उभा आहे. पण त्याच निकालात अपवादही आहे: सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना जमीन दिली असेल, तर नियमितीकरण होऊ शकते. निकालाचा अर्धा भाग वाचायचा आणि अर्धा झाकून ठेवायचा, हे चालू देता कामा नये.

आता नवे संकट पाहा. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सौर प्रकल्पांसाठी सरकारी जमिनी, त्यात गायरानेही, नाममात्र भाड्याने दिली जात आहेत. सूर्याची वीज हवीच. कोळशाच्या धुरापेक्षा ती हजारपट बरी. पण कंपनीचे तारेचे कुंपण पडले की शेळी बाहेर आणि कसणारा बेघर. एकाने ज्वारी पेरली तर ते अतिक्रमण आणि दुसऱ्याने काचेची पाने पेरली तर तो विकास! २०१९ साली तेहतीस कोटी झाडांचा गाजावाजा झाला. गवताळ माळावर खड्डे खणून गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावणे, हाही जमिनीच्या वापरातला बदलच आहे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, ते गवत हीच त्या पक्ष्याची वसती म्हणून. झाड म्हणजे पर्यावरण आणि गवत म्हणजे पडीक, ही समजूत सोडली पाहिजे.

मग करायचे काय? जळकोट परिसरातल्या आणि एकूण मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. तलाठ्याकडून गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीचे उतारे काढा. जुन्या दंडाच्या पावत्या, पंचनामे, पीकपाहणीच्या नोंदी जपून ठेवा. १९९० पूर्वीचा ताबा त्यांनीच सिद्ध होतो. अर्ज तोंडी देऊ नका, पोच घ्या. नोटीस आली तर मुदतीत लेखी उत्तर द्या.

आणि तितकेच महत्त्वाचे दुसरे काम. गावात किती गायरान होते, आज किती आहे, कुणाच्या ताब्यात किती आहे, याची मोजणी ग्रामसभेत मागा. त्यात मोठ्या बागायतदाराने बांध सरकवून घेतलेले गायरानही मोजले जाऊ द्या. उरलेल्या माळावर मारवेल, पवन्या गवत वाढवा. बांधावर बोर, बाभूळ, हिवर, लिंब लावा. हे काम रोजगार हमीतून मागा, म्हणजे माती अडेल आणि मजुरीही गावात मिळेल. आपण कसतो त्या तुकड्यावरची माती वाहून जाऊ न देणे, ही आपली स्वतःची जबाबदारी आहे. जमीन मिळविण्याचा लढा आणि जमीन राखण्याचा लढा हे दोन लढे नाहीत.

संविधानाच्या अनुच्छेद ४८-अ ने पर्यावरण राखण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे, तर अनुच्छेद २१ ने प्रत्येकाला जगण्याचा हक्क दिला आहे. एका अनुच्छेदाची काठी करून दुसऱ्याच्या पाठीत घालता येत नाही. गायरान वाचले पाहिजे, ही मागणी आता भूमिहीनांनीच पुढे होऊन करावी. ग्रामसभेत ती आपण मांडली नाही, तर उद्या गायरान वाचविण्याच्या नावाखाली आपल्यालाच तिथून उठविले जाईल.