विट्याची रेल्वे आणि गोव्याची वाट

सांगली जिल्ह्याच्या दोन्ही अंगांनी रेल्वे जाते. पश्चिमेकडून पुणे-मिरज मार्ग कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी करत खाली येतो. मिरजेहून दुसरा मार्ग कवठेमहांकाळ, सांगोल्यावरून पंढरपूरला चढतो. या दोन मार्गांच्या बेचक्यात खानापूर आणि आटपाडी हे तालुके आणि कडेगावचा मोठा भाग आहे. स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षे उलटून गेली, तरी तिथे रूळ पोचलेला नाही. कराडच्या माणसाला आजही रेल्वेने पंढरपूर गाठायचे तर दक्षिणेला मिरजेपर्यंत उतरून पुन्हा उत्तरेला फिरावे लागते. सरळ वाट विट्यावरून जाते आणि त्या वाटेवर फक्त डांबर आहे.

कराड, कडेगाव, लेंगरे, खरसुंडी, आटपाडी, दिघंची, महूद, पंढरपूर या मार्गाचे नाव रेल्वेच्या पाहण्यांच्या यादीत येऊन गेले आहे. पुढे काय होते, हे या भागाला पाठ आहे. पाहणी होते, परताव्याचा दर अपुरा ठरतो आणि फाईल मिटते. याच काळात गोव्याकडे जाणाऱ्या वाटांना मात्र बळ मिळते आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पवनार ते पत्रादेवी या शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीला आणि भूसंपादनासाठी २०,७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीला मान्यता दिली. पत्रादेवी म्हणजे गोव्याची वेस. कोल्हापूर-सांगलीचे शेतकरी जमिनी देणार नाही म्हणून रस्त्यावर उतरले, तरी सरकारचा आग्रह सुटला नाही. कोल्हापूर-वैभववाडी या १०७ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात मंजुरी मिळाली. तो झाला की दक्षिण महाराष्ट्र कोकण रेल्वेला, म्हणजे गोव्यालाही, जोडला जाईल.

वैभववाडी मार्गाला आमचा पाठिंबा आहे. घाटमाथ्यावरची साखर, भाजीपाला आणि दूध कोकणात उतरावे, कोकणची मासळी आणि बंदरावरचा माल वर यावा, यासाठी तो व्हायलाच हवा. पण ‘पर्यटन’ या गोंडस शब्दाखाली गोव्यात आज काय काय येते, ते उघडपणे बोलले पाहिजे. १९९२ मध्ये गोव्याने जुगारबंदीचा कायदा दुरुस्त करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना परवानगी दिली. पुढे जहाजांवरच्या कॅसिनोंनाही वाट मोकळी झाली. पणजीसमोर मांडवीत ही जहाजे उभी राहिली. ती हलवण्याची आश्वासने एकामागून एक सरकारांनी दिली आणि एकामागून एक मुदतवाढही दिली. फेब्रुवारी २०२० पासून तर खुद्द गोवेकरांनाच कॅसिनोत खेळायला बंदी आहे. आपल्या पोरांना ज्या दारातून आत जाऊ द्यायचे नाही, तेच दार शेजाऱ्यांच्या पोरांसाठी रात्रभर उघडे ठेवायचे, असा हा व्यवहार आहे. चोर्ला आणि आंबोली घाटांतून शुक्रवारी रात्री खाली उतरणाऱ्या गाड्यांवर कोणत्या जिल्ह्यांचे क्रमांक असतात, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत निश्चित भूमिका घेतली आहे. १९७६ मध्ये केलेला कॅसिनो कायदा इथे कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला. हा निर्णय योग्य होता. मग ज्या धंद्याला आपण घरात जागा दिली नाही, त्याच्या उंबऱ्यापर्यंत गिऱ्हाईक पोचवण्याचा खर्च आपल्या तिजोरीतून होता कामा नये.

जुगाराच्या शहराला रेल्वे जोडायची म्हटली की काय होते, याचा दाखला अमेरिकेत आहे. लॉस एंजेलिसहून लास व्हेगासला जाणारी ‘डेझर्ट विंड’ ही सार्वजनिक रेल्वेगाडी १९९७ मध्ये पैशांअभावी बंद पडली. त्यानंतर बड्या कॅसिनोंच्या इमारती उभारणाऱ्या एका बांधकाम उद्योजकाने पुढाकार घेऊन वेगवान गाडीचा प्रस्ताव आणला. त्यात पहिले स्थानक ठरले ते लॉस एंजेलिसपासून दूर, वाळवंटातले व्हिक्टरव्हिल. प्रवाशाने तिथवर स्वतःच्या मोटारीने यायचे आणि मग गाडीत बसायचे. हाच प्रस्ताव हातबदल होत होत ‘ब्राइटलाइन वेस्ट’ झाला. त्याला केंद्र सरकारचे तीन अब्ज डॉलरचे अनुदान मिळाले आणि एप्रिल २०२४ मध्ये कामाचा नारळ फुटला. तेव्हा खर्च सुमारे १२ अब्ज डॉलर सांगितला होता, तो २०२५ मध्ये २१ अब्जांच्या पुढे गेला. साधी गाडी चालवायला पैसे नव्हते, पण सुट्टीच्या गर्दीसाठी तिजोरी उघडली. अशा मार्गाची अडचण त्याच्या प्रवाशांतच असते. शुक्रवारी सगळे एका दिशेने जातात, रविवारी सगळे परततात, आणि मधले दिवस डबे भरायचे कसे, हा प्रश्न उरतो.

विट्याच्या मार्गाला रोजचा प्रवासी आहे. दुष्काळाने शेती पिकेना, तेव्हा खानापूर-आटपाडीचे तरुण सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात शिरले. आज देशातल्या कुठल्याही मोठ्या सराफपेठेत जा, आपल्या भागातला गलाईवाला भेटतो. त्याचे म्हातारे आईवडील गावी असतात. यात्रेला, लग्नाला, मयतीला तो येतो तेव्हा कराडला किंवा मिरजेला उतरून रात्री-अपरात्री गाडी शोधतो. विट्याच्या यंत्रमागांना लागणारे सूत ट्रकने येते आणि कापड ट्रकनेच जाते. कराडच्या महाविद्यालयांत शिकणारी मुले आणि दवाखान्यांत जाणारे पेशंट एसटीच्या फेऱ्यांवर अवलंबून आहेत. आणि पंढरीची वारी तर आहेच. आषाढी-कार्तिकीची गर्दीही हंगामी, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण तिच्या जोडीला बाराही महिने चालणारी ही वर्दळ आहे.

मागच्या पाहणीचे आकडे आता उपयोगाचे नाहीत. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी या माळांवर चढवले. जिथे चारा छावण्या लागत, तिथे द्राक्षे आणि डाळिंब उभे आहेत. दुष्काळी तालुक्याचा माल मोजून जो मार्ग तोट्याचा ठरवला, तो बागायती तालुक्याचा माल धरून पुन्हा तपासला पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. रेल्वेने या मार्गाची वाहतूक पाहणी नव्याने करावी आणि तीत फळे, सूत, कापड आणि बाहेरगावी राहणाऱ्या गलाई कुटुंबांचा प्रवास धरावा. आखणी लेंगऱ्यावरून जावो की आणखी कुठून, खुद्द विटा शहराला स्थानक हवे. शक्तिपीठासाठी हजारो कोटी काढणाऱ्या राज्य सरकारने या मार्गाच्या निम्म्या खर्चाची लेखी हमी येत्या अधिवेशनात द्यावी. जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून रेल्वेमंत्र्यांकडे एकत्र जावे, आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिले ते परत येऊन विट्याच्या चौकात लोकांना सांगावे.